स्नोफ्लेकमध्ये (क्लाऊडवरचा डेटाबेस) सीएसव्ही फाईल लोड करताना ऑन-एरर सेटिंग 'कंटिन्यू', म्हणजे खराब ओळ सोडून पुढं चला, असं ठेवलं तर चालतं का? आणि वेअरहाऊस, म्हणजे लोड चालवणारं मशीन, केवढं घ्यावं?

नका ठेवू. तुम्ही लिहिलंय की एखाद्या खराब ओळीवरून रात्री लोडर फेल होतो, सकाळी बोलणी बसतात, म्हणून कंटिन्यू करायचा विचार आहे आणि तुमचे सिनियर पण तेच म्हणतायत. हे सिनियरचं वाचलं आणि टाईप करायला बसलो, कारण हेच वाक्य मी ऐकलेलं आहे आणि पुढं काय होतं ते पण बघितलंय.

आम्ही नाशिकचे, कॉलेज रोडला छोटं ऑफिस. पिंपळगाव बसवंतकडचे एक द्राक्ष एक्स्पोर्टवाले आमचे क्लायंट. पॅकहाऊसच्या काट्यावर ज्या पावत्या फाटतात त्यांची सीएसव्ही रोज एस-थ्रीवर (ॲमेझॉनचं क्लाऊड स्टोरेज) पडायची, तिथून एअरफ्लोनं (ठरल्या वेळी कामं चालवणारं टूल) कॉपी इनटू ही लोडची कमांड मारून स्नोफ्लेकमध्ये टाकायचं, एवढंच काम. लोडर माझा, ऑन-एरर डिफॉल्टलाच होतं, म्हणजे अबॉर्ट स्टेटमेंट, एरर आली की अख्खा लोड थांबतो. मग क्लायंटनी वरून पुण्याचा एक कन्सल्टंट लावला (नाव घेत नाही) आणि त्या साहेबांना लाल रंगाची ॲलर्जी (एअरफ्लोत फेल झालेला टास्क लाल दिसतो, पास झालेला हिरवा). "प्रॉडक्शनमध्ये टास्क लाल दिसता कामा नये, कंटिन्यू करा, दोन-चार ओळी गेल्या तर गेल्या." मी मेलवर नाही म्हटलं, त्यांनी कॉलवर मालकांकडून हो करून घेतलं, झालं, विषय संपला.

मग मागच्या सीझनच्या सगळ्या पावत्या लोड केल्या. सगळं हिरवंगार. डॅशबोर्ड मालकांना दाखवला, मालक खूश, साहेब तर फारच खूश, आणि काट्यावर बसणारे अण्णा चहा घेऊन आत आले होते ते स्क्रीनकडं बघून म्हणाले, "भाऊ, जुलैत कोणाच्या बागेत माल असतो?"

आता एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी आणि आमच्या पट्ट्यात माल निघतो जानेवारी ते एप्रिल, हे इथं शेंबड्या पोराला पण माहितीये. पण चार्टमध्ये बाराही महिने द्राक्षं येत होती, आणि गंमत म्हणजे प्रत्येक महिन्यात फक्त 1 ते 4 तारखेला.

काट्याचं सॉफ्टवेअर तारीख आपल्यासारखी लिहितं, 07/02/2023 म्हणजे 7 फेब्रुवारी. डेट फॉरमॅट ऑटोवर असेल तर स्लॅशवाली तारीख स्नोफ्लेक महिना आधी धरून वाचतं, त्यामुळं ती झाली 2 जुलै. म्हणून जानेवारीचा माल दर महिन्याच्या 1 तारखेला, फेब्रुवारीचा 2 ला, मार्चचा 3 ला, एप्रिलचा 4 ला. आणि 13 तारखेपासून पुढच्या पावत्या? तेरावा महिना नसतोच, सगळ्या एरर, आणि कंटिन्यू असल्यामुळं त्या ओळी गुपचूप टाकून दिल्या. निम्म्याहून जास्त पावत्या गायब आणि उरलेल्यांपैकी 1 जानेवारी, 2 फेब्रुवारी असल्या चार दिवसांच्या सोडल्या तर बाकी सगळ्या भलत्याच महिन्यात. एअरफ्लो हिरवंच राहणार ना, कॉपी कमांड फेल झालीच नव्हती, रिझल्टमध्ये 'पार्शली लोडेड' असं येतं, किती एरर आल्या आणि पहिली कोणती ते पण येतं, पण टास्क हिरवा असताना ते वाचतंय कोण. अबॉर्टवर असतं तर 13 तारखेच्या पहिल्या पावतीलाच गाडी थांबली असती आणि मला पाच मिनिटांत कळलं असतं.

निस्तरताना अजून एक मजा. साहेबांच्या हाताखालच्या पोरानं टेबलवर डिलीट मारलं आणि कॉपी परत चालवली तर शून्य फाईल्स प्रोसेस झाल्या. होणारच, कोणती फाईल लोड झाली याची नोंद स्नोफ्लेक 64 दिवस ठेवतं आणि डिलीट केल्यानं ती नोंद जात नाही, ट्रंकेट (अख्खं टेबल रिकामं करणारी कमांड) केल्यानं जाते. फोर्स ट्रू (नोंद न बघता परत लोड) पण करता येतं, पण टेबल रिकामं नसेल तर त्याच ओळी दुसऱ्यांदा येऊन बसतात. ट्रंकेट केलं, फाईल फॉरमॅटमध्ये डेट फॉरमॅट स्पष्ट लिहिला, अबॉर्ट परत आणलं, डॅशबोर्ड सरळ झाला. आता तर मी तारखा स्टेजिंग टेबलात (आधी कच्चा डेटा ठेवायचं टेबल) सरळ टेक्स्ट म्हणूनच घेतो आणि नंतर ट्राय-टू-डेट फंक्शननं काढतो, म्हणजे खराब तारखेला नल (रिकामी जागा) येतो आणि मूळ ओळ हातात राहते. तुमच्या 'एका खराब ओळीचा' उपाय पण हाच आहे, कंटिन्यू नाही.

साहेब मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले की सोर्सचा डेटाच खराब होता. अरे सोर्समध्ये एक अक्षर चुकीचं नव्हतं!

वेअरहाऊसचं राहिलंच. एक्स-स्मॉल घ्या. लोडिंगला मोठं घेऊन काही होत नाही, एक्स-स्मॉल एका वेळी 8 फाईल्स घेतं, आणि एकच अवाढव्य जीझिप (कॉम्प्रेस केलेली) फाईल असेल तर लार्ज घेऊन पण ती तेवढीच हळू जाणार, वर तासाला 1 च्या जागी 8 क्रेडिट (स्नोफ्लेकचं बिल क्रेडिटमध्ये मोजतात). कॉम्प्रेस करून साधारण 100 ते 250 एमबीच्या फाईल्स पाडा. ऑटो-सस्पेंड (काम नसलं की वेअरहाऊस आपोआप बंद) 60 सेकंद ठेवा, पण दर वेळी चालू झालं की किमान एक मिनिटाचं बिल लागतंच, म्हणून चिमूटभर डेटासाठी दर दोन मिनिटांनी लोडर पळवू नका. एस-थ्रीच्या कीज (पासवर्डसारख्या असतात) कॉन्फिगमध्ये पेस्ट करत असाल तर बंद करा, स्टोरेज इंटिग्रेशन (कीज न देता परवानगी द्यायची स्नोफ्लेकची सोय) वापरा. आणि अकाउंटचा टाईमझोन डिफॉल्टला लॉस एंजेलिसचा असतो, तो बघून घ्या, नाहीतर लोड झाल्याची वेळ आदल्या दिवसाची दिसेल.

हां, हे सगळं साध्या कॉपीबद्दल. स्नोपाईप (फाईल आली की आपोआप लोड करणारी सोय) असेल तर तिथं अबॉर्ट चालतच नाही, डिफॉल्ट स्किप फाईल आहे, म्हणजे एरर असलेली फाईलच सोडून देणं, तेच राहू द्या आणि कॉपी हिस्टरीवर (लोडच्या नोंदींवर) अलर्ट लावा. वेबसाईटच्या क्लिक्ससारखा डेटा असेल, दहा ओळी गेल्यानं कोणाचं काही अडत नसेल, तर कंटिन्यू करा बापडे. पण पावत्या, पैसे, वजन असलं काही असेल आणि तरी सिनियर म्हणाले "कंटिन्यू करा", तर मेलवर लिहून घ्या. कॉलवर नको.