दोन्हीचं उत्तर एकच, 'गोतावळा'

सध्या कोणती कादंबरी वाचताय आणि परत परत कोणती वाचता असं विचारलंय तुम्ही, तर माझं दोन्हीला उत्तर एकच, आनंद यादवांची 'गोतावळा'. 1971 ची आहे. पहिल्यांदा कॉलेजला असताना करवीर नगर वाचन मंदिरातनं आणलेली, दोन दिवसात संपवली आणि खरं सांगतो, तेव्हा एवढंच कळलं की मालक ट्रॅक्टर आणतो आणि जनावरं जातात.

आता तिसऱ्यांदा वाचतोय ते आजीला वाचून दाखवायला. तिला बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळं रात्री जेवणं झाली की चार-पाच पानं. अख्खी कादंबरी नारबा सांगतो, मळ्यावरचा गडी, आणि भाषा कागलकडची म्हणजे आमचीच. एवढी वर्षं मी ती मनातल्या मनात शाळेच्या मराठीत वाचत होतो हे मोठ्यानं वाचायला लागल्यावर कळलं, कारण आजी मधेच थांबवते, "आसं न्हाई, नीट म्हण की," आणि तेच वाक्य हेल काढून म्हणून दाखवते, मग माणूस समोर बसून बोलतोय असं वाटतं.

'ययाति' पण मी दोनदा वाचलीय. खांडेकर आमच्या कोल्हापुरातच राहायचे, त्याचं कौतुक आहेच, आणि ययाति, देवयानी, शर्मिष्ठा आपापली बाजू सांगतात ते लई आवडतं, पण मला तिघांची भाषा एकच वाटते. नारबाचं वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडात बसणार नाही. बायको-पोरं नाहीत त्याला, जनावरं हाच गोतावळा, म्हणून दावणीचं एकेक जनावर कमी होतं तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं होतं.

ट्रॅक्टरचा भाग वाचला त्या रात्री आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपली बैलं इकली तवा तुझा आजा दोन दिस गोठ्याकडं फिरकला न्हाई." आमच्या घरात हे मला आजपर्यंत कुणीच सांगितलं नव्हतं. आजोबा जाऊन बारा वर्षं झाली, आता विचारायचं कुणाला.

पुढं 'झोंबी' वाचायची ठरलीय, यादवांचीच, शाळा शिकायसाठी त्यांना घरातच किती झगडावं लागलं त्याची. पण अजून 'गोतावळा'ची तीसेक पानं राहिलीत आणि ट्रॅक्टर आल्यापासनं आजी रोज दोनच पानं वाच म्हणते.