१९६४ चा जॅझ बास आणि साठाव्या वर्षीची निवृत्ती: पैसे कुठून काढायचे?

वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. वय ५७, साठाव्या वर्षी नोकरी सोडायची आहे. घरात सात बास गिटार आणि एक जुना, अवजड अँप आहे. आता फेंडर या अमेरिकन कंपनीचा १९६४ चा जॅझ बास मूळ रंगासकट विकत मिळतोय. निवृत्तीच्या पुंजीतला दहावा हिस्सा काढून तो घ्यावा का? त्यांचं म्हणणं असं, की सीबीएस कंपनीने फेंडर विकत घेण्याच्या आधीच्या वाद्यांची किंमत पडत नाही, दहा वर्षं वाजवून विकता येईल. शिवाय निवृत्तीनंतर कार्यक्रम आणि शिकवण्या यांतून कमाई सुरू राहीलच.

नमस्कार.

आधी उत्तर देऊन टाकतो: पुंजीतून हा बास घेऊ नका. जॅझ बास घ्यायची इच्छा मात्र सोडायची गरज नाही. त्याचा दुसरा रस्ता आहे, त्यावर पुढे येतोच.

तुमचे आकडे सोपे करू. वर्षाचा घरखर्च १०० धरला, तर साठीनंतर पेन्शनमधून ४० येणार आहेत आणि उरलेले ६० दरवर्षी पुंजीतून काढावे लागणार आहेत. पुंजी १,५०० आहे. म्हणजे पहिल्या वर्षी ४ टक्के काढायचे आणि पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत न्यायची. विल्यम बेंगेन यांनी १९९४ मध्ये अमेरिकेतल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या आकड्यांवरून ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी जो दर सुचवला, तो साधारण हाच. सगळ्या देशांना आणि सगळ्या काळांना तो तसाच लागू पडेल असं नाही. तुमची योजना मुळात काठावर उभी आहे, एवढं मात्र त्यावरून कळतं.

बासला १५० दिले की पुंजी १,३५० उरते आणि काढायचा दर ४.४ टक्क्यांवर जातो. फरक छोटा वाटेल. पण निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी बाजार पडून पुंजी २० टक्क्यांनी घटली तर बघा. बास न घेता वर्षाअखेर १,१४० उरतात आणि पुढचा दर ५.३ टक्के होतो. बास घेतला असेल तर १,०२० उरतात आणि दर ५.९ टक्के होतो. महागाई यात अजून धरलेलीच नाही. पडलेल्या बाजारात खर्चासाठी जी युनिट विकली जातात, ती बाजार सावरल्यावर परत येत नाहीत. म्हणून सुरुवातीची चार-पाच वर्षं सगळ्यांत नाजूक, आणि तुम्ही नेमके त्यांच्याच तोंडावर पुंजीला हात घालताय. निवृत्तीआधी रक्कम काढल्यावर कर किंवा दंड बसत असेल, तर हातात १५० यायला खात्यातून त्याहून जास्त काढावे लागतील. तो आकडा तुमच्या योजनेच्या नियमांतून लेखी मागवून घ्या.

हाच हिशोब नोकरीच्या वर्षांत मांडला की जास्त स्पष्ट होतो. तुम्ही सध्या वर्षाला २५ बाजूला टाकता. एक वर्ष जास्त नोकरी केली तर हे २५ जमा होतात आणि पुंजीतले ६० वाचतात, म्हणजे ८५ चा फरक पडतो. १५० भागिले ८५ केले की पावणेदोनच्या थोडं वर उत्तर येतं. म्हणजे या बासची तुमच्यासाठीची किंमत आहे साठीनंतरची जवळजवळ पावणेदोन वर्षांची नोकरी. तेवढं काम आनंदाने करणार असाल, तर हा व्यवहार गैर नाही. पत्रावरून मात्र तुम्हाला साठीला मोकळं व्हायचंय असंच दिसतं.

"किंमत पडत नाही" हा मुद्दा आता नीट तपासू. पुंजीवर महागाई वजा जाता वर्षाला ३ टक्के सुटतात असं धरू. त्या हिशोबाने १५० चे दहा वर्षांत आजच्या पैशात सुमारे २०२ होतात. बासचा विमा वर्षाला एक टक्का धरला, तर दहा वर्षांत त्यापायी आणखी १७ गेले. विकताना दलाल किंवा कन्साइनमेंटवर (विकला गेला तरच पैसे, या बोलीवर) ठेवणारा दुकानदार २० टक्के कापतो असं समजा. मग नुसती बरोबरी साधायला बास २७३ ला विकला गेला पाहिजे. म्हणजे महागाई सोडून दरवर्षी ६ टक्क्यांहून थोडी जास्त वाढ, दहा वर्षं सलग. दुकानदाराने रोख पैसे देऊन तो विकतच घेतला, तर बाजारभावाच्या निम्म्याच्या आसपास हातात पडण्याची तयारी ठेवा.

शिवाय हे एकच वाद्य आहे. गरज पडली म्हणून त्याचा दहावा भाग विकता येत नाही, आणि मनासारखं गिऱ्हाईक मिळायला महिने लागू शकतात. बाजार पडतो त्याच काळात हौशी ग्राहकही हात आखडता घेतात. दवाखान्याचं बिल समोर असताना विकायला काढलेल्या वाद्याला चांगला भाव येत नाही.

खरेपणा तपासणं हा वेगळाच खर्च आणि वेगळीच जोखीम. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएसने फेंडर कंपनी घेतली, म्हणून १९६४ या सालाला एवढं वजन आहे आणि म्हणूनच सुटे भाग जुळवून "१९६४" तयार करणारेही आहेत. नेक (वाद्याचा लांब दांडा) उतरवून तिच्या टाचेवरचा, म्हणजे बॉडीला जोडलेल्या टोकावरचा, तारखेचा शिक्का बघायला विक्रेता तयार नसेल, तर तिथेच थांबा. पॉटवरच्या (आवाज आणि टोनच्या बटणांखालच्या भागावरच्या) कोडमध्ये पहिले तीन आकडे उत्पादकाचे असतात: ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस. पुढचे दोन आकडे सालाचे आणि शेवटचे दोन आठवड्याचे. ३०४६४१२ असेल तर स्टॅकपोल, १९६४, बारावा आठवडा. लक्षात ठेवा, वाद्य त्या तारखेच्या आधीचं नाही एवढंच कोड सांगतो. सोल्डरचा प्रत्येक सांधा जुना आणि मळका दिसला पाहिजे. एखादाच चकचकीत असेल तर तिथे कोणाचा तरी हात फिरला आहे. पिकगार्डखालचा (पुढच्या प्लास्टिकच्या पट्टीखालचा) रंग आणि नेकच्या खाचेतला रंग अतिनील दिव्याखाली पाहा. जुनी नायट्रो लॅकर (त्या काळचा रंगाचा थर) हिरवट-पिवळी चमकते आणि नंतर मारलेला रंग बहुतेकदा वेगळा उठून दिसतो. ट्रस रॉडचा (नेकचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळीचा) नट या बासमध्ये टाचेकडे असतो. तो शेवटपर्यंत आवळलेला असेल आणि नेक तरीही वाकलेली असेल, तर दुरुस्तीचं बिल मोठं येईल. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. त्या काळातल्या अनेक फिंगरबोर्डचं लाकूड ब्राझिलियन रोझवूड आहे आणि ते १९९२ पासून साइट्स कराराच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे. इतर रोझवूडच्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये सवलत मिळाली, पण ब्राझिलियन रोझवूडला ती नाही. म्हणजे परदेशातल्या ग्राहकाला विकायचा बेत असेल, तर आधी परवाने काढावे लागतील.

आता दुसरा रस्ता. जुन्या फेंडरवर नंतर कधीतरी पुन्हा रंग मारलेला असेल, तर त्याची किंमत मूळ रंगाच्या वाद्याच्या निम्म्याच्या आसपास येते. लाकूड तेच, पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग) तेच, नेक तीच. जी जास्तीची किंमत तुम्ही मोजत नाही ती संग्राहकांच्या हौसेची असते, आणि भाव घसरले की तुमचं नुकसानही तेवढं कमी होतं. तुमच्या आकड्यांत असं वाद्य सुमारे ७५ ला पडावं. ते पैसे पुंजीला हात न लावता उभे राहतात. सात बासपैकी चार तुम्ही वर्षभरात केसमधून काढलेले नाहीत. त्यांची किंमत तुम्ही ४५ लिहिली आहे, पण ती जाहिरातींत मागितलेल्या दरांवरून काढलेली दिसते. प्रत्यक्षात झालेल्या विक्रीचे दर बघा. मी ३८ धरतो. छंदासाठी वर्षाला ८ ठेवताच, ते तीन वर्षांचे २४. एकूण ६२ झाले. उरलेल्या १३ साठी पाचवा बासही विकायचा की दीड वर्ष आणखी थांबायचं, ते तुम्ही ठरवा. तोवर हात शिवशिवत असतील, तर साठच्या दशकाच्या मापांवर बनवलेला नवा जॅझ बास आहेच. तो मूळ वाद्याच्या किमतीच्या एका छोट्या भागात येतो, आणि बँडमध्ये वाजताना ऐकणाऱ्याला फरक सांगता येईल असं मला वाटत नाही.

विकण्याआधी त्या चार बासवर थोडी मेहनत घ्या. नव्या तारा चढवा, नेकचा रिलीफ (हलका बाक) सातव्या-आठव्या फ्रेटजवळ ०.३ मिलिमीटरच्या आसपास आणा, इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवरचा सूर) लावा, खरखरणारे पॉट साफ करा. काढून ठेवलेले मूळ पिकअप किंवा ब्रिज डब्यात पडले असतील, तर तेही सोबत द्या. जुना रंग कितीही उडालेला असला तरी नव्याने रंगवू नका. चारही एकाच आठवड्यात बाजारात आणले तर घाई आहे असा अर्थ निघतो, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी एकेक काढा.

कार्यक्रम आणि शिकवण्यांचे तुम्ही वर्षाला २० धरलेत. मूळ योजनेत मी शून्य धरतो. आले तर सहलीला किंवा वाद्याला वापरा. ते २० ढोबळ आहेत. प्रवास, सरावाच्या जागेचं भाडं, तारा, दुरुस्ती आणि कर वजा केल्यावर निम्मे उरले तरी चांगलं. दोन तासांच्या कार्यक्रमाला सामान चढवण्या-उतरवण्यासकट सहा-सात तास जातात, आणि ते काम अंगमेहनतीचं असतं. ही कमाई सर्वस्वी बोटं, पाठ आणि कान यांवर उभी आहे. कानांचा हिशोब कडक आहे: अमेरिकेच्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. ड्रमशेजारी उभं राहणाऱ्या बासवाल्याने कानाच्या मापाचे, संगीतकारांसाठीचे इअरप्लग घ्यावेत. तो खर्च आजच करा, त्यासाठी निवृत्तीची वाट पाहू नका. शिकवण्या मात्र वय वाढलं तरी टिकतात, आणि त्या नोकरीत असतानाच दोन विद्यार्थ्यांपासून सुरू करता येतात. किती विद्यार्थी टिकतात ते तीन वर्षांत कळेल आणि आकडा अंदाजाचा राहणार नाही.

तुमच्या जुन्या अँपचं आठ स्पीकरचं कॅबिनेट आणि ट्यूबवाला हेड (आवाज वाढवणारा भाग) हे मी सगळ्यांत आधी विकेन. असा हेड ३५-४० किलोचा असतो आणि कॅबिनेट त्याहून कितीतरी जड. क्लास डी या हलक्या प्रकारचा हेड दोन-तीन किलोचा मिळतो आणि निओडिमियम (हलक्या चुंबकाच्या) स्पीकरचं एक बारा इंची कॅबिनेट साधारण १५ किलोचं. छोट्या जागांसाठी तेवढं पुरतं. ठेवलेल्या तीन बासपैकी एक तरी साडेतीन किलोच्या आसपासचा असू द्या. बोटं आखडायला लागली तर ३० इंची स्केलच्या (तारेच्या वाजणाऱ्या लांबीच्या) बासचा विचार करा. ३४ इंची स्केलवर पहिला फ्रेट सुमारे ४८.५ मिलिमीटरवर असतो, ३० इंचीवर ४३ वर, आणि तेवढ्या फरकाने डाव्या हाताचा ताण जाणवण्याइतका कमी होतो.

विम्याची पॉलिसी काढून वाचा. घराच्या विम्यात पैसे घेऊन केलेल्या कार्यक्रमातलं नुकसान बहुतेकदा वगळलेलं असतं, त्यासाठी वाद्यांचा वेगळा विमा लागतो. आणि प्रत्येक वाद्याचा एक कागद करून ठेवा: मॉडेल, साल, क्रमांक, पुढून-मागून आणि नेकच्या टाचेचे फोटो, बदललेले भाग, खरेदीची पावती, आजचा विक्रीचा दर, आणि तुमच्यामागे विकायची वेळ आली तर कोणाला विचारायचं त्याचं नाव. हा कागद इच्छापत्रासोबत ठेवा आणि कुठे ठेवलाय ते घरात सांगा, कारण कोपऱ्यातल्या कोणत्या केसमध्ये ५ चं वाद्य आहे आणि कोणत्या केसमध्ये ७५ चं, हे घरात फक्त तुम्हालाच माहीत आहे.