एवढ्या आजारपणात हे उद्योग कशाला?

गंभीर आजार असलेल्या माणसांशी आणि त्यांच्या घरच्यांशी बोलणं हे माझं काम, आणि छंदाबद्दलचा हा प्रश्न मला तिथे वारंवार ऐकू येतो. कधी बायको विचारते, कधी मुलगा, आणि पुष्कळदा आजारी माणूस स्वतःच. शिवणकाम, बासरी, गच्चीवरच्या कुंड्या, छंद कोणताही असो. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, घरचे राबतायत, पैसा चाललाय, मग अशा वेळी मन रमवणं शोभतं का? माझं मत ठाम आहे, आणि ते एका हॅम रेडिओवाल्या, म्हणजे हौसेनं घरून रेडिओवर दूरच्या लोकांशी बोलणाऱ्या, काकांच्या हकिगतीतून सांगते. त्यांनी परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका पंचावन्नचे, आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास डायलिसिस. डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी शस्त्रक्रियेनं जोडलेल्या रक्तवाहिन्या), त्यामुळे त्या हातानं वजन उचलायचं नाही. पाणीसुद्धा मोजून प्यायचं. तरुणपणी परीक्षा देऊन त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला होता, ‘व्हीयू२’ने सुरू होणारं कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं स्वतःचं ओळखनाव, मिळवलं होतं. घरीच बनवलेले अँटेना गच्चीवर लावून परदेशातल्या लोकांशी रात्ररात्र बोलले होते. आजार कळला आणि सेट पोत्यात बांधून माळ्यावर गेला.

“काहीही विचारलं तरी ‘डॉक्टर सांगतील तसं’, एवढंच बोलतात,” काकू म्हणाल्या.

“रेडिओ परत काढला तर?”

“नको हो मॅडम. गच्चीवर चढतील, चक्कर येऊन पडतील. काही झालं तर लोक मलाच विचारतील ना?”

काकांचं कारण वेगळं होतं आणि ते बाहेर यायला काही भेटी गेल्या. “एखादं काम हातात घ्यायचं आणि ते अर्धवट टाकून जावं लागलं तर? त्यापेक्षा न घेतलेलं बरं.”

काकूंना त्यांच्या शरीराची भीती होती, काकांना उरलेल्या दिवसांची. दोघांचं उत्तर मात्र एकच निघालं होतं: छंद बंद. अशा घरांमध्ये मी नेहमी आधी हे पाहते, की कोण कशाला भितंय. काकूंच्या भीतीला व्यवहारी उपाय होते. काकांच्या भीतीला तसे नव्हते, आणि धीर देणारी वाक्यं त्यांनी आधीच भरपूर ऐकली होती. म्हणून मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला. “मला अँटेनातलं काही कळत नाही. शिकवा.”

पहिली काही मिनिटं ते कागदाकडे बघत राहिले. मग रेघ ओढली. “समजा ४० मीटर बँड, म्हणजे साधारण ४० मीटर लांबीच्या रेडिओ लहरींचा पट्टा. १४३ ला मेगाहर्ट्झनं भागायचं. ७.१ मेगाहर्ट्झला साधारण २० मीटर तार येते. मधोमध तोडायची, दोन्हीकडे दहा-दहा.”

“म्हणजे बरोबर तेवढीच कापायची?”

“छे, छे! आधी लांबच ठेवायची. शेजारी भिंत असते, पत्रा असतो, उंची कमी-जास्त असते, सगळ्यानं फरक पडतो. वर चढवायची, एसडब्ल्यूआर बघायचा, म्हणजे पाठवलेली शक्ती अँटेनाकडून किती परत फिरते ते, थोडी दुमडायची, परत बघायचा. मी मुलांना सांगतो, सूत्र फक्त सुरुवात करून देतं.”

‘डॉक्टर सांगतील’ म्हणणारा माणूस ‘मी सांगतो’ म्हणाला होता. काकूंनीही मान वर केली. हा क्षण ओळखायला मी बऱ्याच वर्षांच्या कामातून शिकले आहे, आणि अशा वेळी घाई करायची नसते हेही. त्यांना बोलू दिलं, मग विचारलं, “काका, तुमचा कुठला अँटेना पूर्ण झाला होता?”

ते हसले. “पूर्ण? अँटेना कधी पूर्ण होतो होय! दर पावसाळ्यानंतर काहीतरी बदलावंच लागतं.”

मी काहीच बोलले नाही. त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं. बराच वेळ ते पेन्सिल फिरवत राहिले आणि मग म्हणाले, “खरंय. मी कधी पूर्ण करण्यासाठी करतच नव्हतो.”

मोठ्या आजारात माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत फक्त घेत असतो: सुया, गोळ्या, सूचना, कीव. ज्यात त्याला इतरांपेक्षा जास्त कळतं, ज्यात निर्णय त्याचा असतो, अशी जागाच उरत नाही. छंद ती जागा देतो. ‘आधी बरं वाटू दे, मग करू’ असं बहुतेकजण म्हणतात; माझ्या अनुभवात हात आधी हलतात आणि मन मागून येतं. यानं रक्ततपासणीतलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा, उतरणार नाही, आणि तसं मी कुणाला सांगतही नाही. पण एक दिवस कसा जातो, यात पुष्कळ फरक पडतो.

नंतरचं काम बेताचं होतं. काकांनी किडनीच्या डॉक्टरांना सरळ विचारलं, काय चालेल आणि काय नाही. पहिला अँटेना मुद्दाम लहान निवडला: प्लॅस्टिकच्या पाइपवर लोखंडी मेजरिंग टेपचे तुकडे बसवून केलेला यागी, म्हणजे ज्या दिशेला रोखू तिकडचंच जास्त ऐकणारा अँटेना. मागचा तुकडा एक मीटरहून थोडा लांब, पुढचा त्याहून आखूड, मधला दोन भागांत. उजव्या हातात सहज धरता येतो आणि खर्चही किरकोळ. डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून बहुधा हेपॅरिन देतात, आणि कापलेल्या टेपच्या कडा धारदार असतात; म्हणून कापाकापी डायलिसिसच्या दिवशी नाही, आणि कडांना चिकटपट्टी. सोल्डरिंग उघड्या खिडकीशी. त्या दिवशी थकवा असेल तर फक्त आकृती काढायची.

त्या यागीनं ऐकायचं होतं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जातं, दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी. डोक्यावरून जाताना जेमतेम दहा मिनिटं मिळतात. त्या वेळा काकांनी डायलिसिसच्याच कॅलेंडरवर लिहिल्या. १४५.८२५ मेगाहर्ट्झवर तिकडच्या डिजिटल संदेशांची खरखर अंगणातूनच ऐकली, आणि काकूंना हाक मारली.

घरच्यांना मी एवढंच सांगते: ‘करू नका’ म्हणण्याआधी कामाचे तुकडे पाडून बघा. शिडी चढणं धोक्याचं असेल तर शिडी दुसऱ्यानं चढावी. विजेच्या तारांजवळ आणि गडगडाटात कुणीच अँटेनाला हात लावू नये. विचार करणं, मोजणं, ठरवणं मात्र आजारी माणसाकडेच राहू द्या. त्याच्या हातातलं काम मायेपोटी आपण उरकू नका. आणि आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, उपचार सोडण्याची किंवा जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा येत असेल, तर छंदावर विसंबू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

काका अजून अधूनमधून येतात. आता त्यांना ४० मीटर बँडची तार गच्चीवर चढवायची आहे. यावरून दोघांची माझ्यासमोर चांगलीच घासाघीस झाली. काकूंच्या अटी: पुतण्या चढेल, काका खालून सांगतील, डायलिसिसच्या दिवशी काही नाही, आणि सगळं पावसाळ्याआधी.

काकांनी सगळं मान्य केलं. “पण तार मी कापणार,” म्हणाले.