डी वर अडकलेली डिक्शनरी

प्रश्न: मी स्पॅनिश शिकतेय, बी१ लेव्हल (म्हणजे मधली पातळी) झालीय. सर म्हणाले स्पॅनिश भाषा-साहित्यावर काम करणारी मोठी राष्ट्रीय संस्था कोलंबियात आहे, इन्स्तितूतो कारो इ क्वेर्वो. स्पेन सोडून तिकडे कशी काय? आणि तिथे करतात काय नक्की, मला काही उपयोग आहे का?

उत्तर: स्पॅनिश भाषेचं काम बघणारी स्पेनची रॉयल अकादमी १७१३ पासून आहेच की, पण या संस्थेचं मूळच कोलंबियाची राजधानी बोगोतातलं. रुफिनो होसे क्वेर्वो म्हणून एक गृहस्थ, भावाबरोबर बिअरची फॅक्टरी चालवायचे आणि डोक्यात सतत व्याकरण. १८७२ मध्ये त्यांनी एक अचाट डिक्शनरी करायला घेतली, म्हणजे नुसते अर्थ नाहीत तर कुठल्या क्रियापदापुढे कुठलं प्रिपोझिशन येतं, शब्द वाक्यात कसा बसतो आणि ते काळाप्रमाणे कसं बदलत गेलं, हे सगळं जुन्या-नव्या लेखकांची वाक्यं देऊन. फॅक्टरी विकून १८८२ ला पॅरिसला गेले, १८८६ ला पहिला खंड, १८९३ ला दुसरा, आणि गाडी अडकली डी या अक्षरावर. १९११ मध्ये ते वारले.

कारो म्हणजे मिगेल आंतोनियो कारो, क्वेर्वोंचे दोस्त, दोघांनी मिळून लॅटिनचं व्याकरण लिहिलं होतं. पुढे १८९२ ते ९८ देशाचा कारभार यांच्याच हातात, व्याकरणवाले सत्तेवर बसण्याची तिकडे जुनी खोडच आहे! १९४२ मध्ये सरकारने कायदा करून दोघांच्या नावाने संस्था काढली आणि अर्धवट डिक्शनरी तिच्या गळ्यात घातली. ती पुरी झाली १९९४ ला, आठ खंड. १९९९ मध्ये स्पेनने संस्थेला प्रिन्स ऑफ अस्तुरियास हा मानाचा पुरस्कार दिला तो असाच नाही.

पण मला विचाराल तर डिक्शनरीपेक्षा त्यांचा भाषेचा अ‍ॅटलास भारी. प्रश्नावली घेऊन माणसं गावोगाव फिरली, शेती, घर, जेवण, आजारपण, एकेका गोष्टीला लोक काय म्हणतात ते विचारत, आणि मग एकेका शब्दाचा नकाशा काढला, कुठल्या भागात काय म्हणतात ते बघता येतं. सहा खंड आहेत, १९८१ ते ८३ मधले. पुस्तकात न सापडणारं स्पॅनिश तिथे आहे.

शिवाय देशातल्या आदिवासी भाषांवरही काम चालतं, आणि बोगोताजवळ येर्बाबुएना नावाच्या जुन्या हासिएन्दात (जमीनदारी वाड्यात) स्वतःचा छापखाना आहे, खिळे जुळवून छापायची जुनी पद्धत तिथे अजून जपलीय.

तुमच्यासाठी म्हणाल तर, परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवण्यावरच तिथे एमए आहे, भाषाशास्त्र आणि साहित्याचंही आहे, पण वर्ग स्पॅनिशमध्ये, तेव्हा बी१ वर घाई नको, सी१ कडे, म्हणजे वरच्या पातळीकडे, सरका आधी. तोवर डिक्शनरीतलं रोज वापरातलं एखादं क्रियापद काढून त्याची सगळी उदाहरणं वाचा, प्रिपोझिशनची धडपड बरीच कमी होईल.