कुयरीची फॅशन टिकेल का, आणि आजीची साडी कापून ड्रेस शिवावा का?

सगळीकडे ‘व्हिंटेज पेझली’, म्हणजे जुन्या वळणाची कुयरी, दिसतंय, तर आजीच्या कुयरीच्या पदराच्या रेशमी साडीचा अनारकली शिवू का, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकला ब्लाउज-कुर्ते शिवते, म्हणून कात्रीच्या बाजूने उत्तर देते.

आपल्याकडे कुयरी गेली कधी होती? साडीचा काठ, मेंदी, रांगोळी, हळदीकुंकवाची कुयरी, सगळीकडे ती होतीच. परत आलंय ते जुन्या शालींवरचं दाट काम. कुयरी लांबट, शेंडा वळलेला, पोटात फुलंपानं ठासून भरलेली, रंग गडद लाल, निळा, मोहरी. हे मुळात काश्मीरच्या कानी शालींचं. तिथे प्रत्येक रंगाचा आडवा धागा वेगळ्या लाकडी काडीने घालतात, तिला तुजी म्हणतात, आणि भरगच्च शालीला वर्षाच्या वर सहज लागतं. युरोपात या शालींचं वेड पसरलं, पण किंमत कुणाला झेपणार? मग स्कॉटलंडच्या पेझली गावच्या विणकरांनी एकोणिसाव्या शतकात नकला विणायला घेतल्या, आणि नक्षी आपोआप विणणारं जकार्ड यंत्र आल्यावर तर काम झपाट्यानं व्हायला लागलं. 1870च्या सुमाराला तिकडे मागून फुगवलेले घागरे आले. त्यांच्यावर शाल नीट पडेना, आणि धंदा बसला. पुढे 1960च्या दशकात हिप्पींनी कुयरी शर्टावर आणली, 1980च्या दशकात इटलीच्या एट्रो या फॅशन कंपनीने तर तिला आपली ओळखच बनवलं.

म्हणून टिकेल का, याचं माझं उत्तर असं: हातभर मोठ्या, डिजिटल छापाच्या कुयऱ्या दोन-तीन दिवाळ्यांत जुन्या वाटतील. बोटाएवढी, ठशाने छापलेली कुयरी कधीच जुनी होत नाही. डिजिटल छाप ओळखायचा तर कापड उलटं करा, मागे बहुतेक पांढरटच दिसतं. हाताच्या ठशात रेघेचा ठसा वेगळा, आतल्या रंगाचा वेगळा, त्यामुळे कुठेतरी रंग रेघेबाहेर जरासा सरकलेला सापडतोच. मला तर तेच आवडतं, पण गिऱ्हाईक तक्रार करतं!

आता साडी. आधी पदर उलटा करून बघा. येवला इथून साधारण 80 किलोमीटरवर, त्यामुळे नाशिककरांच्या कपाटात तिथली पैठणी असायची शक्यता बरीच. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखा दिसतो, कारण रंगीत धागे नक्षीच्या कडेशी एकमेकांत अडकवून मागे वळवलेले असतात. जवळून पाहिलं तर कुयरीची गोलाई पायऱ्यापायऱ्यांची दिसेल. तशी असेल तर तिला कात्री लावू नका. मी तरी लावणार नाही, शिलाई कितीही देऊ केलीत तरी. मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसले तर ते जकार्डचं काम, तिथे विचार करता येईल.

पण त्यातही घडीवरचं रेशीम तपासा. घडीच्या दोन्ही बाजूंना चिमटीत धरून हलकेच ताणा. बारीक चीर पडली तर ते कापड शिवण पेलणार नाही, काखेत पहिल्याच लग्नात फाटेल. अशा साडीचे काठ आणि पदर धड असतील तेवढे काढून मऊ सुती अस्तरावर टाका आणि ओढणी करा.

कापड धड असेल तर शिंप्याला दोन गोष्टी बजावा. कुयऱ्यांचे शेंडे सगळे वर असतील तर कळ्या, म्हणजे घेराचे वर अरुंद, खाली रुंद तुकडे, उलटसुलट मांडून कापड वाचवता येत नाही. अनारकलीला घेर मोठा, म्हणून साडीची लांबी पुरते का हे कात्री लावण्याआधी कागदी कळ्या मांडून बघायला सांगा. एक शेंडा वर, एक खाली असं असेल तर प्रश्न नाही. आणि मोठी कुयरी बरोबर छातीच्या टोकावर येऊ देऊ नका. ती योकच्या, म्हणजे वरच्या जोडपट्टीच्या, खाली किंवा पाठीवर घ्या, बाह्यांना काठ पुरतो.