उल्कावर्षावाची रात्र दुर्बिणीच्या रांगेत घालवू नका

आपला प्रश्न वाचताना ‘तीन तास थांबून चार उल्का, आणि धूमकेतू दिसला की नाही तेच कळले नाही’ या वाक्याशी मी थबकलो. वेधशाळेच्या खुल्या रात्री आपण मुलांना घेऊन गेलात, बराच वेळ दुर्बिणीपुढच्या रांगेत उभे राहिलात, हिरमुसून परत आलात आणि आता पुन्हा जावे की स्वतःची दुर्बीण विकत घ्यावी, असे विचारत आहात. डिसेंबर २०१८ मध्ये माझी अगदी हीच गत झाली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी हौशी निरीक्षक आहे, व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ नाही, त्यामुळे पुढील मतांपैकी काही मते केवळ माझी आहेत, हे ध्यानात घ्यावे. गरम कपडे, ढगांचा अंदाज या गोष्टी आपण जाणताच, असे धरून चालतो.

त्या वर्षी १३ आणि १४ डिसेंबरच्या मधल्या रात्री जेमिनिड उल्कावर्षावाचा भर होता आणि त्याच आठवड्यात ‘४६पी विर्टानेन’ हा धूमकेतू पृथ्वीजवळून जात होता. १६ डिसेंबरला तो सुमारे १ कोटी १६ लाख किलोमीटरवर, म्हणजे चंद्राच्या अंतराच्या साधारण तीसपट अंतरावर येणार होता. शिवाय तो कृत्तिका-रोहिणीच्या परिसरात असल्यामुळे शोधायलाही सोपा होता. एका सार्वजनिक वेधशाळेने उल्का आणि धूमकेतू एकाच रात्री दाखवण्याचा कार्यक्रम जाहीर केला आणि मी त्याच दिवशी नाव नोंदवले. माझी सर्वांत महागात पडलेली चूक तीच. या दोन्ही गोष्टी एकाच जागेवरून, एकाच वेळी आणि एकाच साधनाने पाहता येतील, असे मी गृहीत धरले होते. उल्का पाहण्यासाठी साधन लागतच नाही, लागते ते मोकळे आकाश आणि रात्रीची योग्य वेळ. धूमकेतूला बहुधा साधन लागते, पण ते मोठे असावे लागतेच असे नाही.

कार्यक्रमाची वेळ सायंकाळी ७ ते १०.३० अशी होती. चंद्र शुक्ल षष्ठीचा होता आणि तो मध्यरात्रीच्या आत मावळणार होता, परंतु वेधशाळेचे दार त्याच्याही आधी बंद होणार होते. जेमिनिडच्या उल्का मिथुन राशीतील ज्या जागेपासून फुटल्यासारख्या वाटतात, तो उद्गमबिंदू कॅस्टर या ताऱ्याजवळ आहे आणि तो आकाशात सर्वांत उंच येतो पहाटे दोनच्या सुमारास. म्हणजे ज्या तासांत चंद्र नाही आणि मिथुन डोक्यावर आहे, नेमके तेच तास कार्यक्रमातून वगळलेले होते. मला हे आधी ठाऊक होते, असे अभिमानाने सांगता आले असते तर बरे झाले असते. पंचांग उघडून चंद्रास्त पाहण्याची बुद्धी मला नोंदणीनंतर आठवडाभराने सुचली. मग मी कार्यालयाला पत्र लिहून कार्यक्रम उशिरा सुरू करता येईल का, किंवा निदान मागचे मोकळे पटांगण इच्छुकांना पहाटेपर्यंत वापरू देता येईल का, असे विचारले. नऊ दिवसांनी दोन ओळींचे उत्तर आले की वेळ निश्चित आहे आणि तीत बदल होणार नाही. दूरध्वनी केला तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले, “अहो, आकाश रात्रभर तेच असते.” ज्या कार्यालयाचे कामच आकाश दाखवण्याचे आहे, तिथून हे वाक्य ऐकावे लागणे मला आजही बोचते. सुरक्षेची आणि मनुष्यबळाची अडचण मी समजू शकतो. तसे स्पष्ट सांगितले असते, तर मी नोंदणी रद्द करून दुसरी सोय पाहिली असती.

आपल्याला चारच उल्का का दिसल्या, याचा हिशेब मांडून दाखवतो, कारण तो मला कोणीही समजावून सांगितला नव्हता. जाहिरातींत ‘तासाला १४०’ असा जो आकडा असतो, तो आदर्श परिस्थितीचा असतो: उद्गमबिंदू थेट खमध्यावर, म्हणजे बरोबर डोक्यावर आहे आणि आकाश इतके काळेभोर आहे की ६.५ प्रतीपर्यंतचे मंद तारेही नुसत्या डोळ्यांनी दिसतात (प्रत हे तेजस्वितेचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). आता उद्गमबिंदू क्षितिजापासून फक्त ३० अंश वर असेल, तर संख्या निम्म्यावर येते. दिवे आणि चंद्र यांमुळे ४.५ प्रतीपर्यंतचेच तारे दिसत असतील, तर ती आणखी साडेसहा-सात पटींनी घटते, कारण मंद उल्कांची संख्याच सर्वांत जास्त असते आणि आपण नेमक्या त्याच गमावतो. १४० चे झाले ७०, ७० चे झाले दहा-अकरा. त्यात घुमट, झाडे आणि पुढच्या माणसाचे डोके यांनी अर्धे आकाश झाकले, तर उरतात तासाला पाच. आणि रांगेत आपण आकाशाकडे पाहत असतोच कुठे? मागून “तो बघा, तो बघा!” असा गलका होई, मी वळे, तोवर उल्का विझलेली असे. जेमिनिड तुलनेने संथ, सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाच्या असतात. ७१ किलोमीटर वेगाच्या, लिओनिड या दुसऱ्या वर्षावातल्या उल्का असत्या, तर वळण्याचाही प्रश्न आला नसता.

डोळ्यांची गोष्ट याहून वाईट. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या प्रकाशाचा एक झोत ती सगळी कमाई क्षणात घालवतो. घुमटाच्या जिन्यावर त्या रात्री पांढरा दिवा लावलेला होता, लोक अडखळू नयेत म्हणून. तिथे लाल दिवा लावला असता, तर दोन्ही कामे साधली असती. दर मिनिटाला कोणाचा तरी मोबाइल उजळत होता. मुलांना ओरडून उपयोग नव्हता, कारण मोबाइल बाहेर काढण्यात मोठी माणसेच पुढे होती. (मोबाइलच्या पडद्यावर लाल कागद चिकटवला की झाले, असा एक समज आहे. पडद्याचा उजेड अगदी कमी केलेला नसेल, तर तो लाल प्रकाशही त्रास देतोच. फोन पिशवीत टाकलेला उत्तम.)

एक तास चाळीस मिनिटांनी माझी पाळी आली. मी नेत्रिकेला, म्हणजे दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगाला, डोळा लावला आणि मला एकसारखा, फिकट राखाडी उजेड दिसला. मध्येच एक-दोन तारे होते. ना शेपटी, ना डोके, ना कसली कड. मार्गदर्शकाने विचारले, “दिसला?” मागे पन्नास माणसे ताटकळत होती. मी म्हणालो, “हो, दिसला.” माझ्या मागच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीने मला हळूच विचारले, “कसा आहे?” मी तिला काहीतरी हिरवट, धुरासारखे, असे सांगितले, कारण वर्तमानपत्रात तसे छापून आले होते. मग तिने पाहिले आणि तीही आईला म्हणाली, “दिसला.”

आता कळते की धूमकेतू दुर्बिणीत नव्हता असे नाही, आम्हीच बहुधा त्याच्या पोटात होतो. विर्टानेन इतक्या जवळून जात होता की त्याचे धूसर डोके आकाशात पूर्ण चंद्राएवढे, किंबहुना त्याहून मोठे पसरले होते. मोठ्या, लांब नाभीय अंतराच्या (म्हणजे मुळातच प्रतिमा मोठी करणाऱ्या) दुर्बिणीला जास्त वर्धनाची नेत्रिका लावली की दृश्यक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, अर्ध्या अंशाहूनही, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीहूनही लहान होते. सबंध क्षेत्र धुक्याने भरले की धुके दिसत नाही, कारण तुलनेला काळे आकाशच उरत नाही. ‘चौथ्या प्रतीचा धूमकेतू’ या शब्दांनीही असाच चकवा होतो. चौथ्या प्रतीच्या ताऱ्याचा सगळा प्रकाश एका बिंदूत असतो, धूमकेतूचा तेवढाच प्रकाश चंद्रबिंबाएवढ्या जागेत पसरलेला असतो. वाटीभर रंग अख्ख्या भिंतीला फासावा, तसे ते आहे. दुर्बीण कितीही मोठी असली, तरी अशा पसरट वस्तूची पृष्ठीय तेजस्विता, म्हणजे तिच्या प्रत्येक तुकड्याचा उजळपणा, ती वाढवू शकत नाही, वर्धन वाढवले की उलट ती कमीच होते. हिरवटपणाचे म्हणाल, तर तो खरा असतो. दोन कार्बन अणूंच्या रेणूंमुळे तो येतो. परंतु छायाचित्रांत तो जसा भडक दिसतो, तसा डोळ्यांना क्वचितच जाणवतो.

तीन रात्रींनंतर, १६ तारखेची रात्र उलटल्यावर, चंद्र मावळू दिला आणि पहाटे अडीचच्या सुमारास दिव्यांपासून दूर एका माळावर गेलो. अर्धा तास काहीही न करता अंधारात पडून राहिलो आणि मग १० बाय ५० ची (१० पट वर्धन आणि ५० मिलिमीटरची भिंगे असलेली) साधी द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी पाहायची छोटी दुर्बीण उचलली. कृत्तिका पश्चिमेकडे कलल्या होत्या. कृत्तिकांवरून रोहिणीकडे द्विनेत्री सरकवली आणि वाटेतच तो सापडला. शोधायला दहा सेकंदही लागले नाहीत. गोल, मऊ, मध्यभागी किंचित दाट, काचेवर श्वास सोडल्यावर उमटतो तसा डाग. नजर थेट त्याच्यावर रोखली की विरघळे, जरा बाजूला पाहिले की पुन्हा उमटे. अंधुक प्रकाश टिपणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यापेक्षा कडेला अधिक असतात, म्हणून असे तिरक्या नजरेने पाहावे लागते. आपल्या मुलांना ही युक्ती जरूर शिकवा. ती एकदा जमली की नेत्रिकेपुढची तीस सेकंदेही पुरतात.

म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: उल्कावर्षावासाठी वेधशाळेत जाऊ नका. हे अनेकांना पटणार नाही आणि ज्या वेधशाळा खरोखर अंधाऱ्या जागी आहेत, पटांगण रात्रभर खुले ठेवतात आणि दिवे मालवतात, त्यांना हे लागूही नाही. पण बहुतेक खुल्या रात्री चंद्र, शनी, गुरू यांच्यासाठी उत्तम असतात, कारण त्या वस्तू तेजस्वी आहेत आणि त्यांना खरेच मोठे वर्धन हवे असते. शनीची कडी पाहायला मी आजही आनंदाने रांगेत उभा राहतो. उल्कांसाठी मात्र जमिनीवर सतरंजी टाकून उताणे पडावे, पाय उद्गमबिंदूच्या साधारण दिशेला करावेत, पण नजर त्याच्यावर खिळवू नये. तिथल्या उल्का आखूड दिसतात, लांब रेघा त्याच्यापासून दूर दिसतात. आपल्याला मुलांमुळे रात्री जागणे शक्य नसेल, तर संध्याकाळी उद्गमबिंदू नुकताच उगवलेला असताना तासभर पडून पाहा. संख्या अगदी कमी असेल, परंतु वातावरणाला चाटून जाणारी एखादी उल्का अर्धे आकाश ओलांडून जाते आणि तशी एकच दिसली तरी मुले पुढच्या वर्षी स्वतःहून आठवण करून देतील.

तारीख निवडताना आधी चंद्र पाहावा, मग सुट्टी. १२ ऑगस्ट २०२६ रोजी अमावास्या आहे आणि पर्सिड उल्कावर्षावाचा भर १२-१३ ऑगस्टच्या सुमारास असतो, त्यामुळे त्या वर्षी चंद्राचा अडथळा मुळीच नाही. पौर्णिमेच्या आसपास आलेला वर्षाव मी सरळ सोडून देतो, मग वर्तमानपत्रे काहीही छापोत. जानेवारीतील क्वाड्रंटिडच्या वाटेला नवख्यांनी जाऊ नये, असेही माझे मत आहे. त्यांचा भर काही तासांचाच असतो आणि तो आपल्याकडे दिवस असताना येऊन गेला, तर अख्खी रात्र जागून हात हलवत परतावे लागते.

धूमकेतूसाठी वेधशाळेत जायला हरकत नाही, पण नोंदणीआधी त्यांना नेमके विचारा की कोणती नेत्रिका लावणार आहात, तिच्यातून आकाशाचा किती अंश दिसेल आणि पटांगणात द्विनेत्री ठेवणार आहात का. उत्तर धड मिळाले नाही, तर त्यावरूनच काय ते समजा. धूमकेतूच्या तेजस्वितेच्या भाकितांवर फार विसंबू नका. १९७३ च्या कोहूटेकने मोठा बोभाटा करून निराशा केली, २०१३ चा आयसॉन २८ नोव्हेंबरला सूर्याजवळून जाताना विस्कटून गेला, तर जुलै २०२० मध्ये निओवाइज नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतका उजळला. धूमकेतू चांगला दिसतो आहे, अशी बातमी आली की ‘शनिवारी जाऊ’ असे म्हणू नये, त्याच रात्री किंवा पहाटे बाहेर पडावे.

दुर्बीण मात्र आताच घेऊ नका. ७ बाय ५० किंवा १० बाय ५० ची द्विनेत्री घ्या, तीही आधी कोणाची तरी हाताळून पाहा, कारण १० पट वर्धनात हात थरथरला तर आकाशही थरथरते. आडवे पडून कोपर जमिनीला किंवा छातीला टेकवले की ते बरेच स्थिरावते. आणि आपली मुलगी नेत्रिकेतून बाजूला झाली की तिला “दिसला का?” असे विचारू नका, “काय दिसले?” असे विचारा.