शाळेच्या वाटेवरचा फोन

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई नोव्हेंबर 2020 मध्ये, ऐन कोरोनात, टोरांटोजवळ कायमचे राहायला गेले. जून 2021 मध्ये तिला मुलगी झाली. तेव्हा थेट विमानं बंद होती, बाळंतपणाला मला जाता आलं नाही. आता नात शाळेत जाते, जावयांची नोकरी चांगली आहे, घरही घेतलं. मुलगी सध्या घरीच असते आणि अजूनही म्हणते, ‘आई, इथे माझं कुणी नाही गं.’ रोज संध्याकाळी सात वाजता, माझा देवापाशी दिवा लावून झाला की तिचा फोन येतो. नातीला शाळेत सोडायला ती चालत निघालेली असते. सोडून घरी पोचेपर्यंत आम्ही बोलतो. परवा रडायलाच लागली. ‘परत या’ म्हणू का तिला? पाच वर्षांनीही माणूस रुळत नाही, म्हणजे काहीतरी चुकलंच ना?
– एक आई, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : काकू, तुमचं पत्र मी पंचवटीत, माहेरी बसून वाचलं. दोन महिन्यांसाठी आले आहे. एरवी माझं घर मिसिसागाला, म्हणजे टोरांटोला लागूनच. तुमच्या लेकीनंतर महिन्याभराने, डिसेंबर 2020 मध्ये, मी आणि नवरा तिथे उतरलो. तेव्हा कॅनडाची सीमा बहुतेकांना बंद होती. आमची पीआरची, म्हणजे तिथे कायमचं राहण्याच्या परवान्याची, कागदपत्रं 18 मार्च 2020 च्या आधी मंजूर झालेली, म्हणून आत घेतलं. तुमच्या मुलीचंही बहुधा असंच असेल.

चुकलं काहीच नाही. पण पाच वर्षांचा हिशेब मला मान्य नाही. त्यातली पहिली दीड वर्षं वजा करा, कारण तेव्हा त्या देशात गेलेला माणूस माणसांत गेलाच नव्हता.

आमचं कसं झालं ते सांगते. पहिले चौदा दिवस सक्तीचं विलगीकरण. आम्ही तळघरातल्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो, वरच्या मजल्यावर घरमालकांचं पंजाबी कुटुंब. ते दूध, कणीक, बटाटे जिन्याच्या पायरीवर ठेवून दार वाजवायचे आणि वर निघून जायचे. दोन आठवडे मी त्यांच्या पावलांचा आवाज तेवढा ओळखत होते. आरोग्य खात्याकडून फोन यायचा, ताप आहे का, घरातच आहात का. ती बाई मोजके प्रश्न विचारायची आणि मी उत्तरं लांबवायचे, कारण घराबाहेरचं माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. चौदा दिवस संपले तेव्हा बाहेर कडक निर्बंध होतेच. जानेवारीत तर गरजेशिवाय घराबाहेर पडू नका, असा आदेशच निघाला.

कागदावर मात्र आम्ही झटपट रुळलो. सिन नंबर, म्हणजे नोकरीसाठी लागणारा सरकारी क्रमांक, मिळाला, बँकेत खातं उघडलं. एरवी ओंटारिओत, म्हणजे आमच्या प्रांतात, सरकारी आरोग्य विम्यासाठी तीन महिने थांबावं लागायचं, ती अट तेव्हा उठवली होती. मी बी.फार्म. आहे, एका औषधाच्या दुकानात मदतनीस म्हणून लागले. दहा महिने जिच्याशेजारी उभी राहून काम केलं, तिचा चेहरा मास्कची सक्ती उठल्यावर, मार्च 2022 मध्ये, पहिल्यांदा पूर्ण पाहिला. क्षणभर ओळखलंच नाही मी तिला. लोक पाहुण्यांना घरी बोलावतात, शेजारीण दारात उभी राहून चौकशी करते, मुलांच्या वाढदिवसाला ओळखी होतात, नव्या माणसाचं असं जे पहिलं वर्ष असतं ते आम्हाला मिळालंच नाही.

मग आधार कशाचा? फोनचा. 21 एप्रिल 2021 ला नाशिकच्या रुग्णालयात ऑक्सिजनची गळती होऊन रुग्ण दगावले, दुसऱ्याच दिवशी कॅनडाने भारतातून येणारी प्रवासी विमानं थांबवली. थेट विमानं सुरू व्हायला 27 सप्टेंबर उजाडला. त्या एप्रिलमध्ये माझे बाबा घरी तापाने पडले होते. फोन कानाशी ठेवून मी रात्र रात्र जागी असायचे, आई थर्मामीटर बघून आकडा सांगायची. बाबा बरे झाले, पण फोन कानाचा सुटला नाही. पुढचं वर्षभर मी मिसिसागाच्या रस्त्यांवर चालत होते आणि कानाने पंचवटीत राहत होते. बसथांब्यावर रोज भेटणाऱ्या बायका माझ्याकडे बघून हसायच्या, मी फोनवर आहे हे दिसलं की मान वळवायच्या. हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

2022 च्या मे महिन्यात एकदा फोनची बॅटरी संपली म्हणून मी समोरच्या पोर्तुगीज आजींपाशी थांबले. त्या टोमॅटोची रोपं लावत होत्या. म्हणाल्या, व्हिक्टोरिया डेच्या, म्हणजे मेअखेरीकडच्या सुट्टीच्या, आधी लावू नकोस, थंडीने जळतात. मी त्यांना निफाडच्या माझ्या मामांबद्दल सांगितलं, कडाक्याची थंडी पडली की द्राक्षबागेत रात्री शेकोट्या पेटवतात, ते. अर्धा तास बोललो. जाताना त्यांनी सहा रोपं दिली. तिथून पुढे मी कुणालाही बिनदिक्कत ‘मी नवीन आहे’ असं सांगू लागले. दीड वर्ष झालं होतं, तरी. कुठला कचरा कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचा, हे मी तेव्हा कुठे विचारून घेतलं.

तुमच्या लेकीचं तर बाळंतपणही त्यातच झालं. आई नाही, बघायला येणाऱ्या बायका नाहीत. त्या वेळी साचलेलं रडू आता पाच वर्षांनी येत असेल, तर येऊ द्या.

परत यायचं की नाही हे तिने आणि जावयांनी ठरवावं, पण या रडण्याच्या भरात नको. पीआर टिकवायला पाच वर्षांत 730 दिवस तिथे राहावं लागतं, नागरिकत्वासाठी 1,095. नागरिकत्व घेतलं तर भारताचं सोडावं लागतं. परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर इथे येऊन राहता येतं, मात्र मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. हे नीट बसून बोलायचं. ती अजून पीआरवर असेल तर दुसरंही एक सांगा. नव्याने आलेल्यांसाठी कॅनडाच्या केंद्र सरकारच्या पैशाने चालणाऱ्या संस्था तिथे आहेत. इंग्रजीचे वर्ग, नोकरीचं मार्गदर्शन, गप्पांचे गट, सगळं मोफत. मीही अशाच एका गटात दीड वर्ष जात होते. नागरिक झालं की हे दार मिटतं, म्हणून तिने आत्ताच चौकशी करावी. पाच वर्षांनी काय जायचं, असं तिला वाटेल. जावं.

आता तुमच्याकडे मागायचं ते मागते, आणि ते तुम्हाला जड जाईल हे मला माहीत आहे. सातचा फोन बंद करा. शाळेच्या फाटकापाशी त्या वेळी दहा-पंधरा आया उभ्या असतात, रोज त्याच. मिसिसागात ओळखी होण्याची याहून चांगली जागा मी पाहिलेली नाही, आणि तुमची लेक तिथून रोज तुमच्याशी बोलत निघून जाते. ती स्वतःहून हे थांबवणार नाही, तुम्हालाच करावं लागेल. रात्री नऊला बोलू म्हणा. तिच्याकडे तेव्हा सकाळचे साडेदहा असतात, उन्हाळ्यात साडेअकरा. कारण लपवू नका, सरळ सांगा. आणि नऊच्या पहिल्या फोनला तिला विचारा, नातीच्या वर्गातल्या कुणाकुणाच्या आया आज फाटकापाशी होत्या.